मोठी चित्रफीत, छोटी तबकडी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतले एक गृहस्थ हातात पेन ड्राइव्ह घेऊन घरी आले. त्यांच्या मुलीचे लग्न नुकतेच पार पडले होते. शूटिंगवाल्याने तीन तासांची एकच फाईल दिली होती, तब्बल १४ जीबीची. गृहस्थांची आई इथून जवळच्या खेड्यात राहते. तिच्याकडे जुना टीव्ही आणि त्याखाली डीव्हीडी प्लेअर आहे. तो तिला स्वतः लावता येतो. मोबाईलवरचे चित्र तिला नीट दिसत नाही आणि पेन ड्राइव्हला तिच्या टीव्हीत जागा नाही. मुलगा म्हणाला, "सर, संगणकात डीव्हीडी घालून बघितली, पण जागा पुरत नाही म्हणतो. एवढं एका डीव्हीडीत बसवून द्या."

मी त्यांना एक नव्हे, दोन डीव्हीडी करून दिल्या. ते जरा हिरमुसलेच. दाबून एकीत बसवता येते हे त्यांनी कुठूनतरी ऐकले होते, आणि ते खोटेही नव्हते. बसवता येते. तीन तास बसतात, पाच तासही बसतात. पण त्याची काय किंमत मोजावी लागते, हे मी स्वतःच्या घरात अनुभवले आहे.

धाकट्या बहिणीचे लग्न २००४ साली इथेच, देऊळगाव राजाला झाले. शूटिंग मिनी डीव्ही कॅसेटवर होते, एक-एक तासाच्या पाच कॅसेट. कॅसेट पुसून पुन्हा वापरायची तेव्हा पद्धतच होती, म्हणून मी त्या आठ दिवसांसाठी मागून आणल्या आणि संगणकात उतरवून घेतल्या. अशा कॅसेटचा एक तास संगणकात साधारण १३ जीबी जागा घेतो. पाच तासांचे झाले ६५ जीबी आणि माझी हार्ड डिस्क होती ८० जीबीची! श्वास घ्यायला जागा उरली नाही. नातेवाइकांना एकेक डीव्हीडी पाठवायची होती, दोन-दोन कोण पाठवणार, असा हिशेब करून मी पाचही तास एका डीव्हीडीत दाबले. संगणक रात्रभर चालला. सकाळी छोट्या पडद्यावर थोडे पाहिले, बरे वाटले. कॅसेट परत केल्या, जागा हवी म्हणून मूळ फाईली पुसल्या, आणि दहा प्रती पोस्टाने रवाना केल्या.

पुढे बहिणीच्या सासरी ती डीव्हीडी मोठ्या टीव्हीवर लावली, तेव्हा चूक दिसली. मंगलाष्टके संपून अक्षता पडायला लागल्या आणि चित्र फुटले. सगळीकडे चौकोनच चौकोन. पहिल्या रांगेत माझी आजी उभी होती, अक्षता टाकत होती. तिचा चेहरा म्हणजे सात-आठ करडे ठोकळे. आजी २००६ मध्ये गेली. त्या लग्नाखेरीज तिचे हलते चित्र आमच्याकडे कुठेच नाही.

असे का झाले, आणि ते कसे टाळता आले असते, एवढेच आज सांगायचे आहे. गणित अवघड नाही. पाचवी-सहावीतला भागाकार पुरतो.

आधी तबकडीची जागा पाहू. साध्या कोऱ्या सीडीत ७०० एमबी मावतात, एकपदरी कोऱ्या डीव्हीडीत ४.७ जीबी. दोन्ही तबकड्या आकाराने सारख्याच, १२ सेंटिमीटर व्यासाच्या. मग डीव्हीडीत जवळजवळ सातपट कसे मावते? वहीतल्या ओळी जवळजवळ आखल्या आणि अक्षर बारीक काढले की एका पानात जास्त मजकूर बसतो, तसेच हे आहे. तबकडीवर माहितीची एकच लांबलचक नागमोडी रेघ आतून बाहेर फिरत जाते. सीडीवर या रेघेच्या दोन वेढ्यांत १.६ मायक्रॉनचे अंतर असते, डीव्हीडीवर ०.७४ मायक्रॉनचे. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत डीव्हीडीचे ऐंशी-नव्वद वेढे बसावेत, इतके हे बारीक काम. एवढे बारीक लिहायला आणि वाचायला बारीक टोकाची लेखणीही हवी, म्हणून डीव्हीडीत सीडीपेक्षा आखूड तरंगलांबीचा लेझर असतो.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवू. डब्यावर ४.७ जीबी लिहिलेले असते, पण संगणक ४.३८ जीबीच दाखवतो. दुकानदाराने फसवले, असे पुष्कळांना वाटते. फसवणूक नाही. डब्यावरचा आकडा हजाराच्या पटीत मोजलेला असतो आणि संगणक बहुधा १०२४ च्या पटीत मोजतो. माप वेगळे, माल तेवढाच.

आता वेळ आणि जागा यांची सांगड घालू. चित्रफीत म्हणजे वाहते पाणी. दर सेकंदाला किती माहिती वाहते, त्याला बिटरेट म्हणतात. तबकडी म्हणजे टाकी. टाकी ठरलेली, म्हणून धार जितकी मोठी तितकी ती लवकर भरणार. डीव्हीडीच्या अगदी बाहेरच्या कडेपर्यंत लिहू नये, कारण दोष बहुतेक तिथेच निघतात. थोडी जागा सोडून साडेचार अब्ज बाइट धरा. एका बाइटचे आठ बिट, म्हणजे झाले ३६ अब्ज बिट. एका तासाचे सेकंद ३,६००. भागाकार करा, उत्तर येते सेकंदाला एक कोटी बिट, म्हणजे १० मेगाबिट.

यातून एक सोपा नियम हाती लागतो. दहाला तासांनी भागा. दोन तासांची चित्रफीत असेल, तर सेकंदाला ५ मेगाबिट मिळतील. तीन तासांची असेल, तर ३.३. चार तासांची असेल, तर अडीच. पाच तासांची, म्हणजे माझ्या बहिणीच्या लग्नाची असेल, तर फक्त २. कॅसेटवर त्याच चित्राला सेकंदाला २५ मेगाबिट मिळत होते! मी पंचविसाचे दोन केले, आणि वर चित्र चांगले दिसावे अशी अपेक्षा धरली.

एका तासापेक्षा लहान चित्रफितीला या नियमाचा उपयोग नाही, कारण डीव्हीडीच्या प्रमाणाप्रमाणे चित्राला सेकंदाला ९.८ मेगाबिटांपेक्षा जास्त देताच येत नाही. दोन तासांपर्यंत चित्र छान राहते. तीन तासांना कसेबसे चालते. त्यापुढे चौकोनांचे राज्य सुरू होते.

पण पंचविसाचे पाच केले तरी चित्र छान दिसते, हा काय चमत्कार? इथे खरी हुशारी आहे.

किराणा दुकानदाराची उधारीची वही आठवा. गिऱ्हाइकाचे नाव तो पहिल्या ओळीत लिहितो आणि खालच्या ओळींत दोन छोट्या रेघा मारतो. अर्थ, 'वरीलप्रमाणे'. पान उलटले की नाव पुन्हा पूर्ण लिहितो. डीव्हीडीतली चित्रफीत अशीच लिहिलेली असते. आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात. त्यातले साधारण दर अर्ध्या सेकंदाला एक चित्र पूर्ण लिहायचे. मधल्या चित्रांत फक्त बदललेला भाग लिहायचा, बाकीचे 'वरीलप्रमाणे'. कीर्तनकार बुवा उभे आहेत, मागची भिंत स्थिर आहे. मग भिंत पुन्हा पुन्हा कशाला लिहायची? बुवांचा हात हलला तेवढे लिहा.

पूर्ण चित्र लिहितानाही काटकसर असते. चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे बारीक चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनाचा आधी सरासरी उजेड लिहायचा, मग त्यातले ढोबळ चढउतार, आणि शेवटी अगदी बारीक तपशील. जागा कमी पडली की शेवटून गाळत यायचे. बारीक तपशील गेला तर डोळ्यांना सहसा कळत नाही. या मांडणीमागचे गणित १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते मांडणारे तिघे होते नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव. त्यांतले नासिर अहमद मूळचे बंगळुरूचे. सीडीवरचा सिनेमा, डीव्हीडी, मोबाईलमधला फोटो, या सगळ्यांच्या पोटात याच गणिताचा अंश आहे.

आता आजीच्या चेहऱ्याचे काय झाले, ते सांगता येईल. जागा फारच कमी असली की बारीक तपशीलच नव्हे, ढोबळ चढउतारही गाळावे लागतात. मग प्रत्येक चौकोनात उरतो तो एकच सपाट रंग. तोच ठोकळा.

आणि हे नेमके अक्षतांच्या वेळीच का व्हावे? कारण अक्षता म्हणजे हवेत उडणारे हजारो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी. एका चित्रातला दाणा पुढच्या चित्रात त्या जागी नाही. त्यात सगळे हात हलतात, कॅमेऱ्याचा प्रखर दिवा फिरतो, शूटिंगवाला घाईने नवरदेवाकडून नवरीकडे वळतो. 'वरीलप्रमाणे' लिहायला काही उरतच नाही. सगळे नव्याने लिहायचे आणि धार तर दोन मेगाबिटांची. आश्विनात आमच्या बालाजीच्या उत्सवाला लोटणारी गर्दी घ्या, किंवा १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊंच्या जन्मोत्सवाला जमणारा जनसागर घ्या, तिथेही हेच. उधळलेला गुलाल, फटाके, नाचणारी वरात, हे सगळे दाबायला अवघड. आपल्याला जे क्षण जपावेसे वाटतात, तेच नेमके दाबताना सर्वांत आधी फुटतात. चहापाण्याचा, खुर्च्यांचा आणि रिकाम्या मंडपाचा भाग मात्र स्वच्छ राहतो.

जुन्या कॅसेटच्या बाबतीत आणखी एक खोड असते. चित्रावर बारीक मुंग्या फिरत असतात. आपल्या लेखी तो कचरा, पण संगणकाला ती हालचाल वाटते आणि मौल्यवान जागा तो मुंग्यांवर खर्च करतो. म्हणून जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या चित्रफितीला थोडी जास्तच जागा द्यावी.

तर मग मोठी फाईल आली की काय करावे? दोन वाटा आहेत, आणि दोन्हींचे हेतू वेगळे आहेत.

पहिली वाट जपण्याची. इथे दाबादाबी अजिबात नाही. मूळ फाईल आहे तशी तुकडे करून तबकड्यांवर ठेवायची. १४ जीबीला चार डीव्हीडी लागतील. या डीव्हीडी संगणकातच उघडतील, बहुतेक जुन्या प्लेअरवर नाही. तुकडे करण्याचेही दोन प्रकार आहेत. एक, फाईल आंधळेपणाने कापणे, म्हणजे चारही तुकडे जोडल्याशिवाय काहीच दिसत नाही. यात एक तबकडी खराब झाली की चारही गेल्या. दुसरा प्रकार, प्रसंग पाहून कापणे. हळद, सीमांतपूजन, लग्न, पाठवणी, असे स्वतंत्र भाग. एक तबकडी गेली तरी बाकीच्या तीन शाबूत. दुसरा प्रकारच चांगला. संगणकावर असे चित्रफीत न दाबता कापणारे मोफत प्रोग्राम मिळतात. पेन ड्राइव्हवर प्रत काढताना एक अडचण येते, तीही सांगतो. पेन ड्राइव्ह रिकामा असूनही तो मोठी फाईल घेत नाही. जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल राहूच शकत नाही, हे त्याचे कारण. ड्राइव्हवरचे दुसरीकडे ठेवून तो नव्या पद्धतीने फॉरमॅट केला की काम होते.

दुसरी वाट पाहण्याची. म्हातारीच्या प्लेअरवर चालेल अशी डीव्हीडी करायची, तर चित्रफीत डीव्हीडीच्या पद्धतीत नव्याने लिहावीच लागते. म्हणजे दाबणे आले. इथे दहाला तासांनी भागा आणि उत्तर पाचाच्या खाली आले, तर तबकड्या वाढवा. शेजाऱ्यांच्या तीन तासांना मी दीड-दीड तासाच्या दोन तबकड्या केल्या, म्हणजे सेकंदाला साडेसहा मेगाबिट मिळाले. पहिली डीव्हीडी हळदीपासून वरातीपर्यंत, दुसरी मंगलाष्टकांपासून पाठवणीपर्यंत. ऐन मंगलाष्टकांत तबकडी बदलायला लावू नये. सीडीवरचे हिंदी सिनेमे नाही का, मध्यंतराला दुसरी सीडी घालायला लावायचे! एका व्हीसीडीत सुमारे ८० मिनिटेच मावत, म्हणून ती सोय.

तीन बारकावे लक्षात ठेवा. पहिला, प्रोग्राममध्ये दोन फेऱ्यांत दाबण्याची सोय असते, ती निवडा. पंगत वाढण्याआधी माणसे मोजून घेतात, तसे पहिल्या फेरीत संगणक कुठे किती हालचाल आहे ते मोजतो आणि दुसऱ्या फेरीत खुर्च्यांची जागा कापून अक्षतांना देतो. वेळ दुप्पट लागतो, पण फरक दिसतो. दुसरा, आवाजाकडे पाहा. अजिबात न दाबलेला आवाज सेकंदाला दीड मेगाबिट खातो. तीन तासांच्या डीव्हीडीत तो जवळजवळ निम्मी जागा घेईल. डॉल्बी पद्धतीत तोच आवाज पाव मेगाबिटाच्या आत बसतो. तिसरा, चार तास एकाच तबकडीत घालणे भागच असेल, तर चित्राचे ठिपके ७२० ऐवजी ३५२ रुंदीचे करा. डीव्हीडीला ते मान्य आहे. चित्र थोडे मऊ दिसेल, पण ठोकळे कमी पडतील. २००४ मध्ये मला एवढे जरी माहीत असते!

तबकडी लिहिताना घाई करू नये. मध्यम वेग ठेवावा. आमच्याकडे २००५ च्या आसपास भारनियमन असे होते की डीव्हीडी नव्वद टक्के लिहून व्हायची आणि वीज जायची. ती तबकडी मग टाकून द्यावी लागे, कारण ती एकदाच लिहिता येते. जालन्याहून आणलेल्या पन्नासाच्या डब्यातल्या कितीतरी अशा वाया गेल्या. इन्व्हर्टर असेल, तर संगणक त्यावर लावूनच बसा. लिहून झाल्यावर प्रोग्रामकडून तपासणी करून घ्या, आणि ज्या प्लेअरवर ती चालायची आहे त्यावर अक्षतांचा प्रसंग लावून पाहा. मी छोट्या पडद्यावर भलताच भाग पाहून समाधान मानले होते.

लिहिता येण्याजोग्या तबकडीत रंगद्रव्याचा थर असतो आणि लेझर त्यावर खुणा भाजतो. ऊन लागले की हा थर बिघडतो. म्हणून तबकडी खिडकीत किंवा टीव्हीवर ठेवू नये, डबीत घालून कपाटात उभी ठेवावी. सीडीवर बॉलपेनने नाव लिहू नये. सीडीचा चकाकणारा थर नावाच्या बाजूला, नुसत्या वार्निशाखाली असतो, त्याला ओरखडा जातो. मऊ टोकाचे, तबकडीसाठीचे मार्कर वापरावे.

श्रोतेहो, आता मुख्य गोष्ट. दाबलेली प्रत पुन्हा फुगवता येत नाही. गाळलेला तपशील गेला तो गेला. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढली की अक्षर जसे फिके होत जाते, तसे दाबलेल्याला पुन्हा दाबले की चित्र बिघडत जाते. याउलट फाईल आहे तशी हजार वेळा उतरवली तरी हजारावी प्रत पहिलीइतकीच चांगली. म्हणून पाहण्याची प्रत कितीही दाबा, पण जपण्याची प्रत वेगळी ठेवा, आणि ती एकाच ठिकाणी ठेवू नका. मी जागेसाठी ६५ जीबी पुसले. आज तेवढी जागा बोटाच्या पेराएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये असते.

घरात अजून कॅसेट पडल्या असतील, तर थांबू नका. व्हीएचएस कॅसेटचे यंत्र बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये ते काम बंद केले. सोनीने कोऱ्या ब्लू-रे तबकड्या आणि मिनी डीव्ही कॅसेट बनवणे फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवले. कॅसेट टिकली तरी ती वाजवणारे यंत्र मिळणे दिवसेंदिवस अवघड होत जाणार. नव्या लॅपटॉपमध्ये तर बहुधा डीव्हीडीची खाचही नसते, बाहेरून जोडायचा ड्राइव्ह घ्यावा लागतो.

शेजारच्या गृहस्थांना दोन डीव्हीडी दिल्या, त्यांचा पेन ड्राइव्ह परत केला आणि त्याची एक प्रत पुण्याच्या मुलाकडेही ठेवा, असे बजावले. आठ दिवसांनी ते पुन्हा आले. आईला तबकडी बदलायची दगदग वाटली का, असे मी विचारले. ते म्हणाले, "नाही हो. ती दुसरीच लावते. अक्षतांपाशी थांबवते आणि कोण कोण आलं होतं ते मोजत बसते."

सगळे चेहरे ओळखू येतात, म्हणाले. मला तेवढे पुरे होते.